चादरीवरचं विमान

शारजात एक रस्ता आहे,
पूर्वी तिथून विमानं उडायची, आता पिकअप धावतात.
त्याच्या कडेच्या आमच्या गच्चीवर
गुरुवारी रात्री चादर बांधली, डबलबेडची,
एका कोपऱ्यात इस्त्रीचा तांबूस डाग.

सिनेमा माझ्या हट्टाचा.
काळापांढरा, लढाईतला, बॉम्ब टाकायला जाणाऱ्या पोरांचा.
वडिलांनी लोहगावच्या मेसमध्ये एकदाच पाहिलेला
आणि पुढची तीस वर्षं जेवताना सांगितलेला.
हवाई दलात होते ते. विमानांच्या चाकांत हवा भरली,
स्वतः एकदाही उडाले नाहीत.

दहाव्या मिनिटाला कुरियनने निकाल दिला:
आवाज खोटा आहे.
चार इंजिनं कधी एका सुरात बोंबलत नाहीत,
एखादं तरी घसा बसलेलं असतंच.
अठरा वर्षं हँगरात काढलेला माणूस, त्याला कोण बोलणार?

बशीर मुकादमला कप्तान पटला,
त्यातही कप्तानचा मफलर.
म्हणाला, असा मफलर गुंडाळून दाभोळच्या जेटीवर
उतरायला पाहिजे एकदा, मे महिना असला तरी.

रोमेल पहिल्या अर्ध्या तासातच झोपला.
शेवटी टाळी वाजवून म्हणाला, सुंदर.

आणि अनंता टेमकर, जो रात्रपाळीला
सीटांखालची बिस्किटं, ओकाऱ्या, हरवलेले कानातले काढतो,
त्याने मध्येच विचारलं,
जखमी पोराला खाली उतरवलं ते दिसलं,
पण नंतर आतून कोण धुतं ओ ते विमान?
सिनेमा पुढे गेला होता.

खालच्या सलूनचे अबू समीर सूर्यफुलाच्या बिया घेऊन आलेले.
मूळचे बसऱ्याचे.
पडद्यावर गाव दिसलं, वरून, काड्यापेटीएवढं,
त्यावर पांढरे पुंजके फुटले, लाह्यांसारखे,
बशीरने शिट्टी मारली
आणि बिया फोडण्याचा आवाज थांबला.

नंतर फार आग्रह केला तेव्हा
आमच्यासाठी शिकलेल्या त्यांच्या हिंदीत म्हणाले,
फिल्म चांगली. फक्त कॅमेरा कायम वरच बसलाय.
मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता:
आमची आई आधी बुलबुलच्या पिंजऱ्यावर कापड टाकायची,
मग आम्हाला जिन्याखाली ढकलायची.
आम्ही भांडायचो त्यावरून.

मी वाट पाहत होतो ती एका जागेची.
पहाट. मैदानात एक मेकॅनिक परतणारी विमानं मोजतोय,
गेलेली बारा.
अकरावर त्याचं बोट हवेत तसंच राहतं.
इथे वडील थांबायचे, घास हातात, आमटी गार,
आई म्हणायची, जेवा आधी, ते काही येत नाही आता.
त्यांच्या सांगण्यात पाऊस होता,
मेकॅनिकच्या पायाशी एक लंगडं कुत्रं,
न पेटणारी ओली सिगारेट.

सिनेमात ते सगळं मिळून चार सेकंद.
पाऊस नाही. कुत्रं नाही.
मेकॅनिक पाठमोरा.
मी मागे नेऊन पुन्हा लावलं, सगळे ओरडले.
पाठमोराच.

तुझं काय मत, म्हणून कुरियनने विचारलं.
म्हटलं, ठीक आहे. जरा लांबलाय.

चादर सोडताना मालवाहू विमान आलं, अगदी डोक्यावरून,
गच्चीवरचे डिशअँटेना थरथरले.
कुरियन वर न बघताच म्हणाला, दोन नंबर तपासायला हवं.
अनंताने घड्याळ पाहिलं, त्याची पाळी.
दुसऱ्या टोकाला अबू समीर
दोन्ही मुठींत चादर घट्ट धरून उभे,
मी ओढली तरी सोडेनात.

आवाज विमानतळाकडे उतरून विझला.
मग ते चालत माझ्याकडे आले, टोकाला टोक लागलं.
अर्धी केली, पुन्हा अर्धी.
इस्त्रीचा डाग आत गेला.